टाइल्सच्या आधी 48 तास पाणी साठवा, आणि त्यानंतर छन्नीला हात लावू देऊ नका

परभणीतल्या तीस वर्षं जुन्या घराबद्दल तुम्ही विचारलंय. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला लोणा (ओलीनं फुटणारे पांढरे क्षार), खालच्या देवघराच्या छताला ओल, आणि गुत्तेदार म्हणतोय की जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स चिकटवू. हे सगळं आमच्याकडं झालेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

फरशीवर फरशी अजिबात नको. खालचा भराव ओलाच राहतो आणि बाथरूमची पातळी अर्ध्या इंचानं वर येते, म्हणजे उंबऱ्यावरून पाणी थेट खोलीत. त्या काळच्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब खोलगट ठेवून विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. हा भराव एकदा भिजला की महिनोन्‌महिने पाणी सोडत राहतो. तो सगळा काढून स्लॅबपर्यंत जा.

फोडाफोडीआधी गळती कुठली ते ठरवा. चार-पाच दिवस ते बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. ओल कमी झाली तर दोष फरशीत, नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा सांडपाण्याच्या पाईपमध्ये. तशीच राहिली तर भिंतीतला नळाचा पाईप संशयित. मात्र भराव फार भिजलेला असेल तर इतक्या दिवसांत फरक दिसेलच असं नाही. वाफेमुळं ओल येते असं कुणी सांगेल. आपल्याकडची हवा वर्षातले सात-आठ महिने कोरडी असते, त्यामुळं मी आधी गळतीच शोधेन. एक्झॉस्ट फॅन लावाच, दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा, पण त्यानं गळती थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट. वॉटरप्रूफिंग बहुतेक वेळा माल वाईट म्हणून फसत नाही. पाणी रोखणारं कोटिंग जमिनीवर-भिंतीवर लावून झाल्यावर प्लंबर पुन्हा छन्नी घेऊन येतो, म्हणून फसतं. कारण साधं असतं: नळ आणि कमोड नंतर विकत आणलेले असतात. भिंतीवरच्या मिक्सरला गरम-थंड पाईपांत मधोमध 6 इंच अंतर लागतं, ते जुळत नाही म्हणून भिंत फोडतात. कमोडचं तोंड भिंतीपासून 9 इंचांवर की 12 वर, हे मॉडेलवर ठरतं, म्हणून जमीन फोडतात. नहाणी ट्रॅप टाइलच्या पातळीला आणायचा म्हणून त्याच्याभोवती फोडतात, आणि सगळ्यात जास्त पाणी तिथूनच खाली जातं. वरून सिमेंटचा हात फिरवला की दिसत काहीच नाही.

म्हणून मिक्सर, कमोड, ट्रॅपची जाळी, गिझर सगळं आधी घरात आणून ठेवा. मग पाईप टाका. जुने लोखंडी पाईप एकही ठेवू नका, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाईप) घाला. जोड एक दिवस सुकू द्या, पाईप तपासायच्या हातपंपानं 5-6 किलो दाब भरा आणि त्याच्या दाबाचा काटा दोन तासांत खाली येतो का बघा. पाईप बुजवण्याआधी शेजारी टेप धरून मोबाईलवर फोटो काढा.

त्यानंतर कोबा. उतार फुटाला 4-5 मिमी, ट्रॅपकडं. भिंत आणि जमीन मिळते तिथं मसाल्याचा गोलसर वाटा (कोपरा भरून काढणारी पट्टी) मारून घ्या, कारण काटकोनात कोटिंग चिरतं. कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर फूटभर वर आणि शॉवरच्या बाजूला 6 फुटांपर्यंत. ट्रॅपच्या तोंडाच्या आत कोटिंग उतरलंच पाहिजे.

कोटिंग डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी 48 तास साठवा. पाणी वाया जातं म्हणून हीच पायरी गाळतात. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्या भागात पाण्याचं मोल कुणाला सांगायला नको. पण 4 बाय 6 फुटांच्या बाथरूमला जेमतेम 110 लिटर लागतं, आणि तेच नंतर झाडांना घालता येतं. भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा, शेजारी पाण्याची परात ठेवा. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं परातीतलं पाणी जितकं उतरेल तितकंच बाथरूममध्ये उतरायला हवं. जास्त उतरलं किंवा देवघराचं छत ओलावलं तर टाइलवाल्याला परत पाठवा.

हमीपत्रावर फार विसंबू नका. आम्हाला एका वॉटरप्रूफिंग एजन्सीनं दहा वर्षांची हमी दिली होती. गळती दाखवली तर ऑफिसमधून उत्तर मिळालं, टाइल्स फोडून दाखवा, मग बघू. आणि फोडल्यावर म्हणाले, हा प्लंबिंगचा दोष आहे, आमच्या हमीत बसत नाही. सगळ्यात जास्त पैसे तिथंच गेले. करारात ‘पाणी साठवून चाचणी झाल्यावरच शेवटचा हप्ता’ एवढं एक वाक्य लिहून घ्या, ते हमीपेक्षा कामाचं आहे.

कमोडचे स्क्रू कोटिंग भेदून जातात, त्या भोकांत आधी सिलिकॉन भरायला सांगा. टाइल्समध्ये 2-3 मिमी सांधा ठेवा आणि त्यात सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) भरा, महाग असलं तरी. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं फरशीवर पांढरे थर बसतात आणि लोक दर आठवड्याला ॲसिड ओततात. ॲसिडनं सिमेंटचा सांधा विरघळतो. अंघोळीनंतर वायपर फिरवला तर थर फारसा बसत नाही.

एक सांगून ठेवतो: मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही. देवघराच्या छताची सळई गंजून दिसत असेल, किंवा भिंत पांढऱ्या मातीत बांधलेली असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

बेडरूमला रंग लगेच देऊ नका. ओलीच्या वर फूटभरापर्यंतचं प्लास्टर काढा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. 9 इंची भिंत सुकायला दोन-तीन महिने सहज लागतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर दुकानदारानं कितीही गळ घातली तरी ओल रोखणारा रंग लावू नका. आतली ओल त्याला फुगवून पाडते.