२००६ साली संघ मुख्यालयावर हल्ला करायला आलेले अतिरेकी नागपूर पोलिसांना कसे सापडले?

गस्तीवरच्या पोलिसांना गाडीचा संशय आला, म्हणून. बाकी तयारी अतिरेक्यांनी पक्की केली होती.

१ जून २००६ ची पहाट. पांढरी अ‍ॅम्बेसेडर, वर लाल दिवा, आत पोलिसांच्या वर्दीतले तिघे. त्या काळी लाल दिव्याची गाडी दिसली की हवालदार आधी सलाम ठोकायचा, चौकशी नंतर. (हे दिवे बंद झाले ते थेट २०१७ मध्ये.) म्हणजे वेश अगदी विचार करून निवडलेला. पण मुख्यालय आहे त्या महाल भागात अशा अवेळी साहेब लोकांचं काय काम? तो भाग जुन्या नागपूरचा. बडकस चौकापासून आत शिरलं की गल्ल्या अरुंद, पहाटे तर चिटपाखरू नसतं. अशा ठिकाणी अनोळखी गाडी लपत नाही.

हटकल्यावर गाडीने बॅरिकेडकडे मुसंडी मारली आणि गोळीबार सुरू झाला. तिघेही तिथेच मारले गेले. आपल्या पोलिसांपैकी कोणी दगावलं नाही. गाडीत एके रायफली, हातबॉम्ब आणि स्फोटकं मिळाली. हे तिघे लष्कर-ए-तोयबा या दहशतवादी संघटनेचे असल्याचं पोलिसांनी सांगितलं. चकमकीवर काहींनी तेव्हा शंकाही घेतल्या होत्या, तेही नोंदवून ठेवतो.

आता मुख्यालयावर सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचे जवान असतात. तरी २०२२ च्या सुरुवातीला मुख्यालयाची रेकी (टेहळणी) झाल्याचं उघडकीस आलं आणि नागपूर पोलिसांनी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला.