डेस्कटॉपचे पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. मदरबोर्ड गेला असे समजायचे का?

आपण लिहिले आहे की पावसाळ्यात तीन आठवडे चिपळूणचे घर बंद होते, परत आल्यावर डेस्कटॉपचे बटण दाबले तर दिवा लागतो, पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच राहतो. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आणि आपल्याला खरी काळजी आहे ती आतल्या फोटोंची. संगणक दुरुस्ती हे माझे रोजचे काम आहे, म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो की एवढ्या लक्षणांवरून मदरबोर्ड गेला असे कोणालाही ठरवता येत नाही. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मशीनमध्ये डिस्प्ले न येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण रॅमचा (मशीन चालू असताना माहिती तात्पुरती धरणाऱ्या पट्टीचा) बिघडलेला संपर्क हे असते, आणि ते घरीच तपासता येते.

मशीन कुठपर्यंत जाऊन थांबते, हे सर्वांत आधी पाहावे. पंखे फिरले याचा अर्थ फक्त एवढाच की वीजपुरवठा काही प्रमाणात चालू आहे. प्रोसेसर काम करतो आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. मशीन सुरू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दर वेळी लागत-विझत असेल, तर मशीन बहुधा आतून जिवंत आहे आणि दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला शोधावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी. साफसफाई करताना ती मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये लावली गेली आणि डिस्प्ले गेला, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. कॅप्स लॉकचा दिवा अजिबात बदलत नसेल, तर बायोसची (बोर्डावरील चिपमध्ये साठवलेल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सुरुवातीची तपासणीच पूर्ण होत नाही असे धरून पुढे जावे. गेल्या काही वर्षांतील अनेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज सुरू होणे) अशी नावे छापलेले चार बारीक दिवे असतात. त्यांपैकी जो पेटून राहतो, तिथे तपासणी अडलेली असते. असे दिवे नसतील आणि बोर्डावर स्पीकर असेल तर बीप नीट ऐका. बीपची भाषा बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे आपल्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेशी ती ताडून पाहावी.

रॅमचा संपर्क बिघडल्यावर स्क्रीनवर चूक सांगणारा संदेशसुद्धा का येत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. वीज मिळताच प्रोसेसर बायोसच्या चिपमधील सूचना वाचू लागतो आणि पहिली काही पावले तो स्वतःच्या आतल्या कॅश स्मृतीवरच टाकतो. त्यानंतर रॅम ओळखून, तिची वेळ जुळवून तिचा वापर सुरू करावा लागतो, आणि डिस्प्ले चालू करण्याचे काम त्याही पुढचे असते. रॅम सापडली नाही तर मशीन तिथेच थांबते, मग संदेश दाखवायला पडदाच उपलब्ध नसतो. रॅमच्या पट्टीच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात, त्यांवरील सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. तो जिथे झिजतो तिथे खालचे निकेल आणि तांबे दमट, खारट हवेत गंजू लागतात, शिवाय धूळ ओलावा धरून ठेवते. पट्टी बॅटरीच्या उजेडात तिरकी धरून पाहिलीत, तर एरवी चकचकीत असलेल्या दातांवर कुठेतरी बोटाच्या ठशाएवढा मंद, तपकिरी डाग दिसतो. तेवढा डागही पुरतो.

हे काम करताना मेनचा प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आतला उरलेला भार निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकांची कुलपे उघडून पट्टी सरळ वर काढा. लिंट न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात पुसणे उत्तम. ते नसेल तर पांढरे, मऊ खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवून त्याचा चुरा पूर्ण झटकून टाका. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका, कारण तो उरलेले सोनेही खरवडून काढतो. स्लॉट कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा. मग एकच पट्टी, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये (चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या), कट जुळवून दोन्ही टोकांना खट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवा आणि मशीन सुरू करा. दोन पट्ट्या असतील तर प्रत्येक स्वतंत्र तपासा. डीडीआर५ रॅमची मशीन असेल तर पट्टी बदलल्यावर काही मिनिटे काळा पडदा राहणे स्वाभाविक आहे; तेवढ्यात बटण दाबून ती बंद करू नका.

कॅबिनेट उघडलेच आहे तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणीही दाबून पाहा. मोठी चोवीस पिनांची जोडणी नीट असूनही ही छोटी सैल झाली, तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, म्हणजे हुबेहूब आपलेच लक्षण दिसते. एसएमपीएसबद्दल (मशीनच्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीबद्दल) शंका असेल तर दुसरा लावून पाहणे हाच सरळ उपाय आहे; मीटर वापरता येत असेल तर १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आकडा यायला हवा. एसएमपीएसची पेटी मात्र कृपया उघडू नका. आपल्याकडच्या २३० व्होल्ट विजेवर तिच्या मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

यानंतरचा उपाय म्हणजे बायोसची साठवलेली मांडणी (सेटिंग्ज) पुसणे, त्यासाठी बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटे काढून ठेवतात. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. विंडोज ११ असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन होत असेल, तर डिस्क आपोआप सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेली असू शकते. अशा वेळी बायोसची मांडणी बदलल्यावर कधी कधी, आणि मदरबोर्ड बदलल्यावर तर हमखास, बिटलॉकर (डिस्क सांकेतिक करणारा विंडोजचा भाग) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. फोनवरून त्याच खात्यात जाऊन ती की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क पूर्ण सुस्थितीत असूनही फोटो कोणालाच मिळवून देता येणार नाहीत, म्हणून बोर्ड बदलण्याचा सल्ला ऐकताना हा प्रश्न दुकानदाराने स्वतःहून विचारला नाही, याचे मला वाईट वाटते.

मांडणी पुसल्यावर किंवा सेल संपल्यावर डिस्प्ले येतो, पण विंडोज सुरू होत नाही, असेही घडते. जुन्या मशीनमध्ये यूईएफआय या नव्या बूट पद्धतीऐवजी लेगसी ही जुनी पद्धत निवडली गेली तर बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो. डिस्क हाताळण्याची बायोसमधील पद्धत एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलट गेली तर निळा पडदा दिसतो. पूर्वीची निवड परत केली की विंडोज जसेच्या तसे चालू होते. याच टप्प्यावर अनेक ठिकाणी सरळ फॉरमॅट मारले जाते, त्याला संमती देऊ नका.

एवढे करूनही डिस्प्ले आला नाही, तर डिस्क काढून दुकानाबाहेर, स्वतःजवळ ठेवा आणि मग बोर्ड तपासायला द्या. ती दुसऱ्या संगणकाला यूएसबी अडॅप्टरने जोडून फोटो उतरवून घेता येतात. सांकेतिक असेल तर वरची की लागेल. जोडल्यावर विंडोज डिस्क फॉरमॅट करायची का असे विचारत असेल, तर नाही म्हणा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती ताबडतोब थांबवा. बोर्ड खरोखरच गेला असेल, तर चालू असलेली दुसरी रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावूनही तो थांबतो, हे आपल्यासमोर दाखवायला सांगा. नवा बोर्ड ठरवताना आपल्याच प्रोसेसरचा सॉकेट आणि आपल्याच रॅमचा प्रकार पाहून घ्या, कारण डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत आणि बोर्डाचा खर्च पाहता पाहता तिप्पट होतो.

कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का, आणि बोर्डावर छापलेले मॉडेल कोणते, एवढे कळवलेत तर बीप आणि दिव्यांचा नेमका अर्थ मी सांगू शकेन.