वाचकांचे प्रश्न : वादळाने छप्पर नेले, भरपाई किती मिळायला हवी?

प्रश्न : मूर्तिजापूर तालुक्यातील एका गावात आमची छोटी डाळ मिल आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी वारा-वावधन सुटले. शेडची टिनपत्रे उडाली, छत तोलणाऱ्या दोन लोखंडी कैच्या वाकल्या, पश्चिमेची भिंत बसली आणि तुरीच्या पोत्यांची थप्पी भिजली. आमच्याकडे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी असून इमारतीचा विमा १० लाख रुपयांचा आहे. दुरुस्तीचा अंदाज ४,२०,००० रुपये निघाला, परंतु कंपनी इमारतीपोटी केवळ १,४३,३३३ रुपये देऊ करीत आहे. ‘छत आधीपासूनच गळत होते’ असे सांगून मालाचा दावा नाकारला आहे. सोबत पाठवलेल्या संमतीपत्रावर सही केल्यास दोन दिवसांत पैसे जमा होतील, असे एजंट म्हणतात. सही करावी का? नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेल्या सर्वेक्षकाच्या हिशेबाचा कागद जोडला आहे.
— एक वाचक, जि. अकोला

उत्तर : सही आत्ताच करू नका. आपण जोडलेला हिशेब नीट वाचला, तर कंपनीशी नेमके कशावरून बोलायचे हे त्यातूनच कळते, म्हणून आधी तो पाहू.

सर्वेक्षकाने ४,२०,००० पैकी ३,६०,००० रुपये मान्य केले. नवी फरशी आणि संपूर्ण शेडची रंगरंगोटी हे ६०,००० रुपये वगळले. हे वगळणे बहुतांशी योग्य वाटते. वादळाने फरशी उखडली नव्हती आणि दुरुस्तीच्या निमित्ताने केलेली सुधारणा विम्यात बसत नाही. (आपल्याकडचे ठेकेदार अंदाजपत्रकात हौसेने भर घालतात आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय येतो, हे जाता जाता सांगायला हवे. शिवाय नुकसान मुद्दाम फुगवून सांगितल्याचे सिद्ध झाले तर संपूर्ण दावाच बुडतो.) त्यानंतर ३० टक्के घसारा (वस्तू जुनी झाल्याने किमतीत धरलेली घट), म्हणजे १,०८,००० रुपये वजा करून २,५२,००० उरवले आणि वाकलेल्या पत्र्यांच्या व लोखंडाच्या भंगाराचे २२,००० रुपये वजा करून २,३०,००० रुपयांवर आणले. येथपर्यंतचे आकडे समजण्यासारखे आहेत. खरी मेख पुढे आहे.

सर्वेक्षकाने शेडची किंमत १५ लाख धरली आणि विमा १० लाखांचाच असल्याने विमा अपुरा ठरवून त्याच प्रमाणात भरपाई दोन-तृतीयांशावर आणली. २,३०,००० चे १,५३,३३३ झाले आणि पॉलिसीधारकाने स्वतः सोसायचे १०,००० रुपये कापून १,४३,३३३ रुपये उरले. परंतु १५ लाख ही तसेच शेड आज नव्याने उभारण्याची किंमत आहे. नुकसानीची रक्कम काढताना शेड जुने म्हणून घसारा लावायचा आणि विमा अपुरा आहे का हे पाहताना तेच शेड नवे समजायचे, असे दोन मापांनी मोजता येत नाही. घसारा लावायचाच असेल तर तो दोन्हीकडे लागला पाहिजे. १५ लाखांतून ३० टक्के वजा केल्यास शेडची किंमत १०,५०,००० रुपये होते आणि १० लाखांचा विमा जेमतेम ५ टक्क्यांनी कमी ठरतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या या प्रकारच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरा विमा माफ आहे. त्यामुळे ती कपात पूर्ण निघून जाते आणि रक्कम २,२०,००० रुपये होते.

आपल्या पॉलिसीच्या तपशिलात ‘पुनर्स्थापना मूल्य’ (तसेच शेड नव्याने उभारण्याचा खर्च) असे लिहिले असेल आणि आपण शेड प्रत्यक्षात पुन्हा उभारणार असाल, तर हिशेब वेगळा होतो. तेव्हा घसारा लागत नाही, मात्र शेडची किंमत १५ लाखच धरली जाते. ३,६०,००० मधून भंगाराचे २२,००० वजा करून ३,३८,०००. त्याचे दोन-तृतीयांश २,२५,३३३. आणि १०,००० कापून २,१५,३३३ रुपये. कोणत्याही रीतीने मोजले तरी आपल्याला देऊ केलेल्या रकमेपेक्षा सुमारे ७०,००० रुपये जास्त निघतात. त्यासाठी आपल्याला भांडायला लागू नये. कंपनीला एवढेच लिहा की, घसारा आणि अपुरा विमा या दोन्ही कपाती कोणत्या मूल्यावर आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली केल्या, ते लेखी कळवावे. सर्वेक्षण अहवालाची प्रत मिळाली नसेल तर त्याच पत्रात मागा. मागितल्यास ती द्यावी लागते.

आता भिजलेल्या तुरीविषयी. ‘छत गळके होते’ या एका वाक्यावर दावा नाकारता येत नाही, पण ते खोटे ठरवण्याइतका पुरावा आपल्याकडे असला पाहिजे. वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी विम्यात बसत नाही, हे खरे आहे. वादळाने छत उघडे पडून त्यातून शिरलेल्या पावसाने माल भिजला असेल तर ते वादळाचेच नुकसान आहे. म्हणजे पत्रे आधी उडाले की पाणी आधी शिरले, हा प्रश्नाचा गाभा आहे. यासाठी उपयोगी पडणाऱ्या गोष्टी बारीक असतात. पत्र्याला हुकाच्या भोवती पडलेले भोक लांबट फाटलेले आहे का, हुक सरळ होऊन निघाला आहे का, याचे जवळून घेतलेले छायाचित्र पाहा : वाऱ्याने उपसलेला पत्रा असाच फाटतो, तर गंजून गळणाऱ्या पत्र्याचे भोक गोल आणि तांबारलेले असते. पोती कुठे भिजली हेही पाहा. जुन्या गळतीने थप्पीचा एखादा कोपरा काळवंडतो, छत उघडे पडल्यावर वरचे थर सरसकट भिजतात. भंगारात विकण्यापूर्वी चार-दोन पत्रे बाजूला ठेवले असतील तर ते अजूनही दाखवता येतील.

त्या दिवशी वादळ होते हे सिद्ध करण्यासाठी तलाठ्याचा पंचनामा (हल्ली अधिकृत पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे), शेजारच्या शेतांतील झाडे पडल्याची छायाचित्रे, वीज मंडळाकडे खांब पडल्याची नोंद आणि महसूल मंडळातील महावेध हवामान केंद्राची वाऱ्याची व पावसाची नोंद पुरेशी होते. काही सर्वेक्षक वाऱ्याचा विशिष्ट वेग सिद्ध करा असे म्हणतात. आपल्या पॉलिसीत वेगाचा असा आकडा दिलेला नाही, हे त्यांना दाखवा. मालाच्या प्रमाणासाठी साठा नोंदवही, खरेदीच्या पावत्या आणि काटापट्ट्या लागतील. भिजलेली तूर वाळवून कमी भावाने विकली असेल तर बाजार समितीची हिशेबपट्टी जोडा. नुकसान वाढू न देणे हे पॉलिसीधारकाचे कर्तव्यच असल्याने तूर विकली म्हणून दावा कमकुवत होत नाही, आणि ताडपत्रीचा खर्चही मागून पाहावा.

संमतीपत्रात ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील तर सही करण्यापूर्वी ‘ही रक्कम वादग्रस्त नसलेल्या भागापोटी, हरकतीसह स्वीकारत आहे’ असे लिहून पाठवण्याचा आग्रह धरा. १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ अशा पावतीवर सही केली म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. मात्र सही दबावाखाली, फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीवरून घेतली गेली हे दाखवावे लागते. ते दाखवण्याची वेळ येऊ न देणे बरे. एजंटाच्या ‘दोन दिवसांत पैसे’ या बोलण्यावर फार विसंबू नका. त्यांचे काम पॉलिसी विकणे आहे. सर्वेक्षकाचा अहवालही अंतिम शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार यांच्या प्रकरणात सांगितले आहे.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वरीलप्रमाणे पत्र पाठवा आणि पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. विदर्भातील तक्रारी पुणे कार्यालयाकडे येतात आणि ऑनलाइनही करता येतात. यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योग तक्रार करू शकतात. आपला उद्यम नोंदणी दाखला जोडा. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. तो न पटल्यास आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते आणि त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. ‘व्यवसायासाठी घेतलेली पॉलिसी, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असा मुद्दा कंपनीने काढल्यास घाबरू नका. विमा नफ्यासाठी नव्हे तर नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात मान्य केले आहे.

प्रश्न : आमचे कवेलूचे घर वादळात अर्धे उघडे पडले. तलाठ्यांनी पंचनामा केला असून सरकारी मदत मिळेल असे सांगितले. घरावर बँकेच्या कर्जापोटी काढलेला विमाही आहे. सरकारी मदत घेतली तर विमा मिळणार नाही, असे गावात बोलले जाते. हे खरे आहे का?
— एक वाचिका, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते ती मदत आहे, विमा नव्हे. दोन्ही घेता येतात. केंद्राच्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात, त्यामुळे त्या मदतीवर छप्पर उभे राहणार नाही, हे आपणही जाणता. पंचनाम्याची प्रत मात्र अवश्य घ्या, कारण विमा कंपनीपुढे तोच पहिला पुरावा ठरतो.

बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. अनेकांच्या हाती ती कधी येतच नाही. ती ‘भारत गृह रक्षा’ असेल तर अपुऱ्या विम्याची कपात घराला लागत नाही, म्हणजे विम्याच्या रकमेच्या मर्यादेत संपूर्ण दुरुस्ती खर्च मागता येतो. घरातील सामान्य सामानासाठी घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचे संरक्षणही त्यातच असते. घरात ठेवलेला विक्रीचा कापूस किंवा धान मात्र घरगुती सामानात धरला जाईल असे समजू नका. रक्कम बँकेच्या खात्यात आधी जाईल. ती दुरुस्तीसाठी द्यावी, कर्जात वळती करू नये, असे व्यवस्थापकांना लेखी कळवा. शिल्लक कवेलू उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढा आणि दुरुस्तीचा अंदाज एकरकमी न घेता फाटे, रीपा, कवेलू, मजुरी असा वेगवेगळा लिहून घ्या, म्हणजे सर्वेक्षकाला सरसकट कात्री लावता येणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी फ्लोरिडातील टॅम्पाजवळ राहते. २०२४ मधील हेलेन व मिल्टन या चक्रीवादळांनंतर तिथल्या विमा कंपनीने पाण्याने झालेले नुकसान नाकारले. आपल्याकडे असे होते का?
— एक वाचिका, परतवाडा

उत्तर : तेथील नेहमीच्या घरविम्यात वाऱ्याचे नुकसान येते, पुराचे येत नाही, पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि ती बहुतेक जण सरकारी राष्ट्रीय पूरविमा योजनेतून घेतात. त्यामुळे समुद्राचे पाणी घरात शिरले असेल तर प्रश्न मुळात कोणत्या पॉलिसीचा, हा असतो. शिवाय चक्रीवादळासाठी स्वतः सोसायची रक्कम तिकडे बहुधा घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असते, नुकसानीच्या नव्हे. घराचा विमा ३ लाख डॉलरचा असेल तर २ टक्के म्हणजे पहिले ६,००० डॉलर घरमालकाचेच. आपल्याकडील प्रमाणित घर व उद्योग पॉलिसींत वादळ आणि पूर हे दोन्ही धोके एकत्रच येतात, म्हणून हा वाद सहसा उद्भवत नाही.

पॉलिसीधारकाच्या बाजूने नुकसान मोजून कंपनीशी बोलणारा परवानाधारक व्यावसायिक फ्लोरिडात मिळतो. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या घटनेत पहिले वर्षभर त्याची फी भरपाईच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, हे मुलीला करारावर सही करण्यापूर्वी सांगा. नवा दावा नोंदवण्याची तेथील मुदत नुकसानीच्या तारखेपासून एक वर्षाची आणि पूरक दाव्याची १८ महिन्यांची आहे. तिने आपल्या दाव्याची नोंद केव्हा झाली हे आधी तपासून पाहावे.