बंदुकीला बफ मारायचा का? वाचकांचे प्रश्न

वाईहून एक वाचक विचारतात: पणजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर होती, रंगकामाला खाली काढली. नळी सगळी तपकिरी-काळपट पडलीय, दस्त्याला एक चीर आहे. लायसन वडिलोपार्जित चालत आलंय. पोरगा म्हणतो एमआयडीसीतनं बफ मारून आणतो, दस्त्याला टचवुड (लाकडाचं पॉलिश) मारतो, दसऱ्याला पूजेत पण शोभेल आणि किंमत पण वाढेल. करू का?

उत्तर: आधी पोराच्या हातातनं बंदूक काढून घ्या! आणि एक काम करा, दारू ठासायचा गज नळीत सावकाश शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरनं लावून बघा कानापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या बारीक भोकापर्यंत, पोचतो का. दोन-तीन इंच अलीकडंच थांबला तर आत बार भरलेला असू शकतो, शंभर वर्षांचा का असेना दारू ती दारूच, तेव्हा स्वतः उकरायच्या भानगडीत पडू नका, लायसनवाल्या गनस्मिथकडं द्या.

आता बफचं. ते तपकिरी म्हणजे सगळा गंजच असतो असं नाही बघा. त्या काळी नळीला मुद्दाम आम्ल लावून बारीक गंज चढवायचे, घासायचे, परत चढवायचे, असं कितीतरी वेळा, त्याला ब्राउनिंग म्हणतात, आणि तोच तिचा मूळ फिनिश. बोट फिरवल्यावर लाल भुकटी हाताला आली तर तो चालू गंज, तो थांबवायचा. काही आलं नाही आणि गुळगुळीत लागलं तर हात लावू नका.

किंमतीचं गणित असं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या जुन्या बंदुकांसाठी प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत, कलेक्टर लोक त्याच भाषेत बोलतात. सगळे पार्ट मूळचे आणि ८० टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश शिल्लक तर एक्सलंट, ३० टक्क्यांच्या वर तर फाइन. आणि गंमत म्हणजे फिनिश पार उडालेला असला तरी पार्ट मूळचे असतील तर व्हेरी गुडमध्ये बसू शकते, पण घासून साफ केलेली, नव्यानं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा निळा-काळा रंग) केलेली, लाकूड परत पॉलिश केलेली बंदूक त्याच्याही खाली, नुसत्या गुडमध्ये जाते. म्हणजे तुम्ही पैसे घालून एक पायरी खाली उतरणार. बफनं कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, ते परत येत नाही.

आणि कोफ्तगरी असेल तर विषयच संपला. पोलादावर बारीक जाळीसारखे ओरखडे पाडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, थर इतका पातळ की पॉलिश पेपरनं दोन मिनिटांत निघतो. हे मला कसं माहीत, तर पंचवीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः खंडेनवमीला घरच्या कट्यारीची मूठ घासून घासून चकाचक केली आणि चिंधीवर पिवळं काय आलं म्हणून बघत बसलो. आईनं कौतुक पण केलं वर.

तर शिवणमशीनचं तेल, मऊ सुती फडकं, बास. खोबरेल नको, चिकट होतं. पूजेला ओलं कुंकू थेट लोखंडावर नको, खाली तांदूळ ठेवा, समोर वाहा. पावसाळ्यात खोळीत गुंडाळून ठेवू नका, ओल धरते. चीर आहे तशी राहू दे.

मिरजेहून प्रश्न: एकानं चापाची बंदूक दाखवली, कंपनी सरकारची म्हणतो. चापाच्या पत्र्यावर मुकुट धरलेला सिंह आणि १७९९ साल. घ्यावी का?

उत्तर: सिंह आणि १७९९, इथंच गाडी अडते. ईस्ट इंडिया कंपनीची आधीची खूण बदामाच्या आकाराची होती, सिंह १८०८ पासून आला. कंपनीच्या इंडिया पॅटर्न मस्कटची, म्हणजे शिपायांच्या लांब बंदुकीची, नळी ३९ इंच, बोअर (नळीच्या आतला व्यास) पाऊण इंच, टेप लावून बघा. अजून एक, लोखंडाला खड्डे पडलेत आणि अक्षरं मात्र त्या खड्ड्यांवरनं कालच ठोकल्यासारखी कोरीव असतील तर ती कालच ठोकलीत. जुनाट रंग पण आणता येतो, अॅसिडनं. आमच्या भाषेत सांगायचं तर म्हातारीचं सोंग.

तासगावहून प्रश्न: शंभर वर्षांवरची बंदूक असेल तर लायसन लागत नाही ना?

उत्तर: लागतं! शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या पद्धतीच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा उडता कामा नये अशी अट आहे. ठासणीची चालू बंदूक त्यात येत नाही, एसपी ऑफिसला विचारून घ्या. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू धरतात, तिचा धंदा करायला वेगळं लायसन लागतं आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळं ऑनलाइन डॉलरमधले भाव बघून हुरळून जाऊ नका.