पंचेचाळिशीनंतर पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात) हात पायाला पोचत नाहीत. रोज ताणून लिगामेंट सैल होतील का, किती महिने लागतील?

लिगामेंट सैल करायचीच नसतात. ती हाडाला हाड धरून ठेवतात. सैल झाली की सांधा डळमळतो. पण तुम्ही लिहिलंय की क्लासमधले सर पाठीवर भार देऊन खाली दाबतात. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

या दाबण्यातून एक ठरावीक दुखणं सुरू होऊ शकतं. बैठकीच्या हाडावर बोटभर जागा ठणकते, स्कूटरवर सिग्नलपर्यंतही बसवत नाही, चार पावलं चाललं की बरं वाटतं. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) त्याच हाडाला चिकटलेला असतो. गुडघे सरळ ठेवून खोल वाकलं की तो ताणला जातो आणि वर हाडावर दाबलाही जातो. ताण तो सोसतो. ताण आणि दाब दोन्ही रोज मिळाले की चिडतो. त्यावर "अजून ताणा, मोकळं होईल" हा सल्ला म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे. दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं ते यामुळेच.

टेंडन लांब करून फारसं हाती लागतही नाही. जॉन्स आणि राइट यांनी १९६२ साली मांजराच्या मनगटावर मोजलं होतं: सांध्याच्या ताठरपणात ४७ टक्के वाटा सांध्याच्या वेष्टनाचा, ४१ टक्के स्नायू आणि त्याच्या आवरणाचा, टेंडनचा फक्त १० टक्के. सुरुवातीच्या आठवड्यांत वाकणं वाढतं तेही मुख्यतः ताण सहन व्हायला लागतो म्हणून.

दुमडलेल्या चादरीवर बसा, पट्टा तळपायात अडकवा, गुडघे किंचित वाकवा. पाठ गोल व्हायला लागली की तिथेच थांबा. ३० सेकंद, तीन-चार वेळा, आठवड्यातून पाच दिवस. ताण मांडीच्या मागे, मध्यावर जाणवायला हवा. बैठकीच्या हाडाशी टोचलं किंवा पायात मुंग्या आल्या तर लगेच सोडा. पट्टा घ्यायला कमीपणा कसला? योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे आणि विटा याच पुण्यात रुजवल्या.

टेंडन सुधारतो भाराने. उताणं झोपून गुडघे वाकवा, कंबर सावकाश उचला, तीन सेकंद घेत खाली आणा. दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. जमलं की एका पायावर.

एक राहिलं. तुमचा हाताचा अंगठा वाकवून मनगटाच्या पुढे हाताच्या आतल्या बाजूला टेकत असेल आणि कोपर-गुडघे उलटे वळत असतील, तर सांधे मुळातच सैल असू शकतात; ताणणं बाजूला ठेवा, फक्त ताकदीचे व्यायाम करा. आणि कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, तर आधी कंबर तपासून घ्या.