मुंबईत आमच्याकडे ओल्या कचऱ्यात देवळांचं निर्माल्यही येतं. रोज अर्धा टन ओल्या कचऱ्याचं खत चाळायला ट्रॉमेल (फिरत्या ड्रमची चाळणी) घ्यावा की व्हायब्रेटर (थरथरणारी) चाळणी?

ट्रॉमेल घ्या. व्हायब्रेटर स्वस्त आणि आटोपशीर असतो, पण तो कोरड्या, सुट्या मालासाठी. मुंबईच्या जुलैत खत दमट होतं, आणि मग जाळीची भोकं लिंपल्यासारखी बुजतात. फिरत्या ड्रममध्ये माल सतत उलटापालटा होतो, गोळे फुटतात. ड्रमवर बाहेरून नायलॉनचा ब्रश मात्र हवाच.

खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे सिटी कंपोस्टचा (शहरी कचऱ्याच्या खताचा) किमान ९० टक्के माल ४ मिमीच्या चाळणीतून जायला हवा आणि ओलावा १५ ते २५ टक्के. म्हणजे जाळी ४ मिमीची, शक्यतो स्टेनलेस स्टीलची; साधं लोखंड इथल्या हवेत लवकर गंजतं.

मूठभर खत दाबून पाहा: लाडू वळला आणि टिचकीनेही फुटला नाही, तर आधी पसरून वाळवा. ओला माल कुठलंच यंत्र नीट चाळत नाही.

तुमच्याकडे देवळांचं निर्माल्य येतं म्हणता, तर हारांचे दोरे आणि नारळाच्या शेंड्या आधीच हाताने वेचा. दोरा ड्रमच्या शाफ्टला गुंडाळला की सुरीने कापत बसावं लागतं! पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे स्वतःच्या खताची दोन पोती नेऊन चाळून बघा.