आरएनए विषाणू लसीला चकवण्यासाठी स्वतःला बदलतात का?

तुम्ही विचारलंय की आरएनए विषाणू (म्हणजे ज्यांची जनुकीय माहिती डीएनएत नव्हे, तर आरएनए या रेणूत असते असे विषाणू) लसीला चकवण्यासाठी स्वतःला बदलतात का, आणि तसं असेल तर फ्लूची लस दरवर्षी नवी लागते, पण गोवरची जुनीच कशी चालते? तुमचा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

'चकवण्यासाठी' हा शब्द मात्र आधी बाजूला ठेवू. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. उत्तरपत्रिकेत 'विषाणू परिस्थितीनुसार स्वतःमध्ये बदल घडवून आणतो' असं वाक्य दिसलं की मी ते खोडते. बदल आधी होतो, तोही आंधळेपणानं. त्याचा उपयोग झाला की नाही, हे नंतर ठरतं.

हा बदल होतो नक्कल करताना. पेशीत शिरल्यावर विषाणूचं पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) आरएनएच्या प्रती काढत सुटतं. आपल्या पेशी डीएनएची प्रत काढताना चुका तपासून दुरुस्त करतात. बहुतेक आरएनए विषाणूंकडे ती सोयच नाही. ढोबळमानानं १०,००० ते १०,००,००० अक्षरांमागे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एकेक घटक) त्यांची एक चूक होते. यातल्या बऱ्याच विषाणूंचा जनुकसंच, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, १०,००० अक्षरांच्या आगेमागे असतो. म्हणजे एकाच रुग्णाच्या शरीरात एक विषाणू नव्हे, तर किंचित वेगवेगळ्या विषाणूंची झुंडच असते. (कोरोनाविषाणूचा जनुकसंच जवळपास ३०,००० अक्षरांचा, त्याच्याकडे चुकलेलं अक्षर छाटणारं विकर आहे. हा अपवाद.)

यातल्या पुष्कळ चुका विषाणूलाच भोवतात. मग कमी चुका करणारा विषाणू वरचढ ठरायला हवा ना? पोलिओच्या विषाणूवर हे तपासून झालंय. २००३ साली त्याचा असा एक प्रकार वेगळा करण्यात आला, ज्याच्या पॉलिमरेजमध्ये फक्त एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) बदललं होतं आणि नक्कल जास्त अचूक होत होती. उंदरांमध्ये तो मूळ विषाणूपेक्षा दुबळा ठरला. २००६ साली संशोधकांनी त्याच अचूक विषाणूंमध्ये रसायन वापरून विविधता वाढवली, तेव्हा त्यांची रोग निर्माण करण्याची ताकद परतली. हा प्रयोग शिकवताना आजही मी थक्क होते. झुंडीतली विविधताच त्या विषाणूचं बळ होती.

आता गोवर. त्याचाही विषाणू आरएनएचाच, आणि नक्कल करताना तोही चुकतोच. तरीही आज वापरात असलेल्या अनेक गोवर लसींचं मूळ १९५४ साली एका शाळकरी मुलापासून मिळवलेल्या विषाणूत आहे, आणि त्या अजून उत्तम काम करतात. फरक चुकांमध्ये नाही, चुका खपण्यात आहे. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या टोकाला बरेच फेरफार पचतात. प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) ते ओळखू येईनासं होतं, तरी पेशीला चिकटण्याचं त्याचं काम चालूच राहतं. गोवरच्या प्रथिनांना अशी मोकळीक फार थोडी. प्रतिपिंड त्यांना एकाच वेळी अनेक जागी पकडतात, आणि त्यातल्या काही जागा पेशीत शिरण्यासाठी विषाणूला लागतातच. तिथलं अक्षर बदललं तर प्रतिपिंडाची पकड सुटेलही, पण त्या विषाणूला पेशीत शिरता येणार नाही. असे चुकलेले विषाणू तयार होतात आणि तिथल्या तिथे संपतात, म्हणून आपल्याला ते कधी दिसतच नाहीत.